बिबळ्याचं पाणी

तिथं आता काय ठेवलंय, असं मी हौसाला बावीस वर्षं म्हणत आलो. हौसा म्हणजे माझी बायको. वर्षातून दोन-तीनदा तरी ती म्हणायची, "अहो, एकदा मशीनवर जाऊन येऊ." मी म्हणायचो, "तिथं आता काय ठेवलंय?" ती गप्प बसायची. मला वाटायचं, पटलं तिला.

आता ती नाही. वर्ष भरायला बारा दिवस राहिलेत. परवा मी एकटाच जाऊन आलो.

मशीन म्हणजे आरा मशीन, लाकूड कापायचं. नाशिकहून पेठच्या रस्त्याला लागून घाट ओलांडला की एक फाटा लागतो. तिथून आत तासभर चाललं की रानाच्या कडेला आमची वस्ती होती. मधे मशीन, भोवती अकरा झोपड्या, वरच्या अंगाला झरा. कागदावर तिला नाव नव्हतं. बाजारात कोणी विचारलं, कुठले तुम्ही, तर आम्ही म्हणायचो, मशीनवरचे. खरं तर विचारायचीही गरज नसायची. भुवयांत भुसा, कानामागं भुसा, बायकांच्या अंबाड्यात भुसा. लग्नाकार्यात आम्ही दाराशी उभे राहिलो की लोक म्हणायचे, आधी झटकून या.

मी सायखेड्याकडचा, गोदावरीकाठचा. काळ्या सपाट जमिनीवर वाढलेला. लग्नाला तीन महिने झाले होते तेव्हा हौसाला घेऊन तिथं गेलो. का गेलो ते सोडा. एक ट्रंक, एक वळकटी आणि ती. दिवसभर मशीनचा आवाज ऐकून तिनं कानांवर पदर घट्ट ओढून घेतला होता. संध्याकाळी मशीन बंद झालं तशी ती झोपडीतून पळत बाहेर आली.

"काय झालं हो?"

"काय होतंय? सुट्टी झाली."

"मग एवढं गप कशानं झालं सगळं?"

रान गप्प झालं की ते काय असतं, ते सपाटीवरच्या माणसाला ठाऊक नसतं. पुढं पुढं तिला उलटं झालं. मशीन चालू असलं की तिला डुलकी लागायची आणि बंद झालं की जाग यायची. आमचा दिलीप तर पोटात असल्यापासून त्याच आवाजावर वाढला. तो रडायला लागला की ती त्याला उचलून मशीनच्या मांडवाजवळ नेऊन उभी राहायची. लगेच गप्प. आता तो सातपूरला कंपनीत आहे. म्हणतो, शॉपमधल्या यंत्रांच्या आवाजाचा त्रास होत नाही. कसा होईल?

सकाळी इंजिनाला हँडल मारायचं काम माझं. आधी ते खोकायचं, मग नाक फुरफुरायचं, मग एकदम धरायचं. छपरावरचे कावळे उडायचे. डिझेलचा धूर मांडवात भरायचा, आणि पहिला ओंडका आऱ्याला लागला की त्या धुरातून ओल्या लाकडाचा वास वर यायचा, तव्यावर भाकरी टाकावी तसा. तो वास सांगता येत नाही. मी चौथी शिकलेला माणूस, मला कुठून सांगता येणार? पण जे शिकलेत त्यांनाही येणार नाही.

करीमचाचा आमचे मोठे मिस्त्री. ओंडका ट्रॉलीवर चढवायच्या आधी ते कुऱ्हाडीचा माथा त्यावर दोनदा वाजवायचे आणि कान लावायचे. आत खिळा आहे का, तार आहे का, पोकळ आहे का, त्यांना कळायचं. नव्यानं आलो तेव्हा मी विचारलं होतं, "चाचा, काय ऐकताय?"

"विचारतोय त्याला, पोटात काही लपवलंय का."

"मग सांगतं का?"

"लाकूड पटकन सांगतं. तू मात्र परवा पट्टा तोडून दोन दिवस सांगितला नव्हतास."

सगळा मांडव हसला होता. पट्टा मीच तोडला होता.

भुशाचा ढीग मशीनच्या मागं. घरापेक्षा उंच. थंडीत त्याच्या पोटात ऊब असायची. हात कोपरापर्यंत घातला तर चटका बसावा अशी. वस्तीवरची कुत्री त्यात अंग पुरून झोपायची, नुसती नाकं बाहेर. पावसाळ्यात मशीन बंद असायचं तेव्हा त्याच ढिगाच्या खालच्या अंगाला अळंबी उगवायची, पांढरी, मऊ. बायका ती खुडायच्या आणि वरून खुरासणीची चटणी घालून कालवण करायच्या. नागलीची भाकरी आणि ते कालवण. दाताखाली भुसा यायचा. कोणी थुंकत नव्हतं.

चुलीचं कामसुद्धा भुशावरच. एक पत्र्याचा डबा घ्यायचा, खाली बाजूला भोक. मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासून ठासून भरायचा. मग बाटली हळूच फिरवत वर काढायची. मधे पोकळ नळी राहते. खालून पेटवलं की डबा अर्धा दिवस शांत जळत राहतो. ऐकायला सोपं आहे. मी बाटली काढली की हमखास भुसा ढासळायचा. हौसा काढायची तेव्हा कडा अशी उभी राहायची की जणू कापून काढलीय.

"लाकूड कापता येतं, भुसा उभा करता येत नाय," ती म्हणायची. "मिस्त्री म्हणे!"

त्या डब्यावर तिचं आंघोळीचं पाणी तापायचं. कडक. वैशाखातसुद्धा तिला कडकच पाणी लागायचं. झोपडीमागं झऱ्यातून उचलून आणलेला एक सपाट दगड होता, त्यावर ती न्हायची. चारी बाजूंनी फळ्यांच्या सालपटांचा आडोसा. आडोशावरून वाफ वर यायची. मांडवातून मला तेवढीच दिसायची. वाफ दिसली की मला कळायचं, आता थोड्या वेळात भाकरी.

आणि आमचा एक खेळ होता. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. संध्याकाळी घरी गेलो की हौसा डोळे मिटून माझ्या सदऱ्याची बाही नाकाला लावायची आणि आज काय कापलं ते सांगायची. साग चामड्यासारखा, तेलकट. ऐन जरा आंबूस. शिसवाला गोड वास, गुलाब वाळवून ठेवावा तसा. ती कधी चुकायची नाही. "आज साग, पण ओला," असंसुद्धा सांगायची. एक बिबळा तेवढा अवघड. बिबळ्याला वास म्हणून नाही. त्या दिवशी ती बराच वेळ हुंगायची, मग म्हणायची, "कशाचाच वास येत नाय. म्हणजे बिबळा."

त्या बिबळ्याचंच सांगायचंय मला.

बिबळ्याचा भुसा पाण्यात टाकला की पाण्याला निळी झाक येते. सावलीत बघाल तर चहा. उन्हात तिरपं धरा, कडेला निळं दिसेल, मोराच्या मानेसारखं. हे पाणी वस्तीवर दोन वेळेला लागायचं. मूल जन्मलं की त्याला आणि बाळंतिणीला त्यानं न्हाऊ घालायचं, आणि माणूस गेलं की त्याला. का, ते कोणी सांगितलं नाही. सोमीबाईला मी विचारलं होतं. सोमीबाई तिथल्याच पाड्यावरची, वस्तीची सुईण, सगळ्यांना अरे-तुरे करणारी. ती म्हणाली, "का म्हंजे? असंच असतं."

दिलीप झाला तेव्हा मी हौसाला न्हायला बसायला बिबळ्याचा एक पाट केला. खिळा न मारता, नुसत्या खाचा पाडून. खिळ्याचं आम्हाला वावडंच. तो पाट त्या दगडावर ठेवला आणि सोमीबाईनं मायलेकरांना न्हाऊ घातलं. माझा मुलगा निळ्या पाण्यात लाल लाल होऊन बोंबलत होता. आडोशाबाहेर मी उभा. आतून हौसा म्हणाली, "अहो, नाक तुमचं आलंय. लय वाईट झालं."

करीमचाचा गेले तेव्हा शहरातून त्यांचे पुतणे आले. त्यांच्या रीतीनं आंघोळ घालायला बसले. सोमीबाईनं आणि हौसानं निळ्या पाण्याचा हंडा नेऊन ठेवला. पुतणे पाण्याकडे बघत राहिले. एक जण म्हणाला, "ये क्या है?" हौसाला हिंदी येत नव्हती. ती म्हणाली, "चाचा आमचे पण आहेत." त्यांनी तेच पाणी घातलं.

मग मशीन बंद झालं. का, ते मला विचारू नका. एक दिवस पट्टा उतरवला तो पुन्हा चढवला नाही. एकेक झोपडी उठली. आम्ही नाशिकला आलो, आणि मी फर्निचरच्या दुकानात लागलो. तिथं प्लायवूड. प्लायवूड कापून घरी गेलो की सदऱ्याला सरसाचा वास. हौसानं एकदाच हुंगला आणि म्हणाली, "हे काय लाकूड आहे व्हय?" तो खेळ तिथंच संपला.

गेल्या वर्षी दवाखान्यात होती ती. सतरा दिवस. शेवटी शेवटी बोलणं कमी झालं होतं. एका दुपारी मी पलंगाजवळ बसलेलो असताना तिनं माझी बाही ओढली आणि नाकाला लावली. डोळे मिटून बराच वेळ हुंगत राहिली.

"कशाचाच वास येत नाय," म्हणाली. मग थोडी हसली. "म्हणजे बिबळा."

मी बाही तशीच धरून ठेवली.

"अहो, मला त्या पाण्यानं न्हाऊ घाला. मशीनवरच्या."

"घालीन."

दिला शब्द. मग ती गेली, आणि दवाखान्यातून घर, घरातून अमरधाम, सगळं पोरांनी आणि शेजाऱ्यांनी भराभर उरकलं. त्यांचं काही चुकलं नाही. नळाचं पाणी होतं, प्लास्टिकचा मग होता. मी भिंतीला टेकून बसलो होतो. थांबा म्हणायला पाहिजे होतं. आधी बिबळा आणतो, मग करा, असं म्हणायला पाहिजे होतं. ज्या माणसानं आयुष्यभर लाकूड कापलं त्याच्या तोंडून एका मूठभर भुशासाठी शब्द निघाला नाही. लोक हसतील असं वाटलं. खरं सांगतो, एवढंच वाटलं.

म्हणून परवा गेलो. दिलीपनं विचारलं, "बाबा, तिथं आता काय ठेवलंय?" माझंच वाक्य. एसटीनं फाट्यावर सोडलं. थंडीचे दिवस, भात कापून झालेलं, खाचरं रिकामी.

आत गेलो तर मी म्हणायचो तसंच, काही नाही. इंजिन बसवलेला सिमेंटचा ओटा तेवढा आहे, त्याच्या चिरेतून घाणेरी उगवलीय. मांडव नाही. अकरा झोपड्यांच्या जागी गवत. मी भुशाच्या ढिगाकडं गेलो. ढीग गुडघ्याएवढा राहिलेला. काठीनं उकरला. वरपासून खालपर्यंत काळी माती. हात घातला. गार.

ढिगाच्या पलीकडं एकच घर, आणि दारात वांगी-मिरच्यांचा वाफा. वाफ्यातून कोणीतरी उभं राहिलं. कमरेत वाकलेली, डोळ्यांवर हात धरून बघणारी.

"कोण रे? माझ्या खतात काय उकरतोस?"

"सोमीबाई, मी."

तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं. "मिस्त्री! मेला नायस अजून?"

"नाही."

"हौसा कुठं हाय? मागनं येते का?"

मी सांगितलं. ती खाली बसली. हातातली मिरची तिनं उगाच मोडली, पुन्हा मोडली. मग म्हणाली, "न्हाऊ घातलंस ना नीट?"

मी मान हलवली, नाही म्हणून. मग सगळं सांगितलं, मघाशी तुम्हाला सांगितलं तसं. माती झालेला ढीग दाखवला. म्हटलं, "मूठभर बिबळा मिळाला तर बघायला आलो. नाहीये आता कुठं."

ती उठली, घरात गेली आणि पाट घेऊन आली. माझा पाट. कडा झिजलेल्या, मधोमध बसून बसून खोलगट झालेला. मी तर तो असल्याचंसुद्धा विसरलो होतो.

"जाताना हौसा ठेवून गेली. म्हणली, राहू दे तुझ्याकडं, मी येईन तवा बसायला लागंल. एवढी वर्षं मी बसले. वाट बघत व्हते का आयताच मिळाला म्हणून बसले, ते मलाच ठाव नाय."

मी पाट हातात घेतला. बावीस वर्षं ती म्हणत होती, एकदा जाऊन येऊ.

सोमीबाईनं विळा दिला. "खरवड. पालथा करून खरवड, वरून नको. मला बसायला लागतो."

मी पाट मांडीवर पालथा घेतला आणि खरवडायला लागलो. वरचा थर काळा, मग आतून सोनेरी, जणू काल कापलाय. बारीक भुसा माझ्या धोतरावर आणि बाहीवर पडत होता. मूठभर झाला तसा तो झऱ्याच्या पाण्यात टाकला, पातेल्यात. आणि बसून राहिलो. पाणी पिवळं झालं. मग गडद पिवळं. उन्हात तिरपं धरलं. पिवळंच. मी पातेलं फिरवलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं. पिवळंच.

"मेलं लाकूड," मी म्हणालो. "उशीर झाला."

सोमीबाई वाफ्यात पाणी सोडत होती. मान वर न करता म्हणाली, "राख टाकलीस का?"

"राख?"

"चुलीतली चिमूटभर राख टाकल्याबिगर रंग कवा धरला? आं? लाकडाला मेलं म्हणतोस. तूच विसरलास."

रंग करणं बायकांचं काम. आम्ही नुसता भुसा आणून द्यायचो. मला कुठं ठाऊक? तिनं राखेची चिमूट आणली आणि टाकली. बोटानं ढवळलं. मी पातेलं उन्हात धरलं, आणि कडेनं ते निळं वर आलं. आधी केसाएवढं, मग बोटाएवढं, मग सगळ्या पाण्यातून. मी बघत राहिलो. ते तसंच होतं. दिलीपच्या वेळचं, चाचांच्या वेळचं.

मी पातेलं घेऊन निघालो. आमच्या झोपडीची जागा मला डोळे मिटूनसुद्धा सापडली असती. गवत काठीनं बाजूला केलं. दगड होता. शेवाळ्यानं हिरवा झालेला, एका बाजूनं खचलेला, पण होता. मी तो हातानं पुसला, पातेलं उचललं, आणि मागून आवाज आला.

"अरे ए! थंड वततोस का काय तिच्या अंगावर?"

सोमीबाई काठी टेकत आली होती, धापा टाकत.

"तिला ऊन पाणी लागायचं. ठाव नाय तुला? चाळीस वर्षं नांदलास ना?"

पुन्हा तिच्या दाराशी गेलो. तिच्याकडं तोच डबा होता, खाली भोक पाडलेला. आता त्यात भाताचं तूस भरते ती. तिचे हात थरथरतात म्हणून मला म्हणाली, तू भर. मधे बाटली उभी केली, भोवती तूस ठासलं, बाटली फिरवत वर काढली. ढासळलं. पुन्हा भरलं. पुन्हा ढासळलं. सोमीबाई काही बोलली नाही, म्हणजे तिला काय बोलायचं होतं ते आम्हा दोघांनाही ऐकू आलं. तिसऱ्या वेळी तुसावर पाणी शिंपडून, श्वास रोखून, अगदी केसाकेसानं बाटली काढली. कडा उभी राहिली.

पाणी तापायला वेळ लागला. आम्ही दोघं जण डब्याभोवती हात शेकत बसलो. ती पाटावर, मी मातीत. मधेच ती म्हणाली, "हौसा लय हसायची नाय?" मी म्हटलं, "माझ्यावर." ती म्हणाली, "मग दुसरं व्हतं कोण हसायला?"

वाफ यायला लागली तसं पातेलं फडक्यात धरून नेलं. सोमीबाईनं पाट आणला, दगडावर ठेवला, जसा तेव्हा ठेवला होता तसा. आणि ती गवतापलीकडं पाठ करून उभी राहिली. पुरुष बायकोला न्हाऊ घालत असताना दुसऱ्यानं बघायचं नसतं, म्हणून असेल.

मी तांब्या-तांब्यानं पाणी घातलं. पहिला तांब्या घाई न करता. पाटावरून निळं पाणी चारी बाजूंनी सांडलं, दगडावरून गवतात गेलं. थंडीत वाफ उठली, आडोशावरून उठायची तेवढीच उंच. हौसा, एवढंच म्हणालो. पुढं काय बोलायचं ते ठरवून आलो होतो, ते आलं नाही.

सोमीबाईनं पाट उचलला, पदरानं पुसला. म्हणाली, "पुढच्या साली ये. मी नसले तर पाट दारामागं हाय." आणि वाफ्याकडं निघून गेली.

फाट्यावरची दुपारची एसटी चुकली. मी दगडाशेजारीच बसून राहिलो, तो वाळेपर्यंत. ऊन होतं, पण थंडीचं, म्हणून वेळ लागला. दगड कोरडा झाल्यावर उठलो आणि सदऱ्याची बाही नाकाला लावली. डोळे मिटून बराच वेळ हुंगली. तुसाचा धूर होता थोडा. तो सोडला तर कशाचाच वास येत नव्हता.